इंजिनाची आरती

नव्या इंजिनाला झेंडूचा हार घातला होता. होडीच्या मागे लावायचं असलं यंत्र मालवणच्या त्या वाडीत पहिलंच. नारळीपौर्णिमेचा नारळ समुद्राला देऊन झाला आणि वाळूवर ओढलेल्या होडीत हौसाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या. पुढ्यात आरतीचं ताट.

त्यांच्या मुलाने, हरिश्चंद्राने टाकीत पेट्रोल ओतलं तेव्हा थोडं होडीच्या तळात सांडलं. त्याने ते पंचाने पुसलं आणि पंचा तिथेच टाकला.

होडीतच बसलेल्या सुनेच्या, सुशीलेच्या नाकात वास गेला. पेट्रोलची वाफ हवेहून जड, हे ती कॉलेजात शिकली होती. ती उडून जात नाही, खोलगट जागा धरून बसते. होडीसारखी.

“आई, आरती खाली वाळूत करू या ना. इथे पेट्रोल सांडलंय.”

“पुसलंय गो मी,” हरिश्चंद्र म्हणाला.

“कॉलेजात आरती खंय करूची ता पण शिकवतत वाटता!” सासूबाई म्हणाल्या. जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या.

सुशीला ओशाळली. पण पाय ठरेनात. “बेबीने ओलं केलंय,” असं खोटंच सांगून तिने पोरीला उचललं आणि खाली उतरून माडांकडे चालू लागली.

“गो, पोरीक आण! कुंकू लावतंय!” मागून हाक आली. ती थांबली नाही.

कापरासाठी काडी ओढली गेली, आणि भक्कन सगळ्या होडीभर जाळ उठला. हरिश्चंद्राने आईला कवेत घेऊन बाहेर उडी टाकली. शेजारच्या गंगारामने बादलीभर पाणी ओतलं. पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत वल्ह्यांपर्यंत गेलं.

“पाणी नको! वाळू टाका, वाळू!” सुशीला किंचाळली. मघाशी हसणाऱ्या बायका ओंजळी भरभरून वाळू फेकत सुटल्या.

जाळ विझला. हौसाबाईंच्या भुवया जळून गेल्या होत्या. भाजलेला हात पुढे धरून त्या सुनेसमोर आल्या.

“तुका म्हायत होता?”

“मी सांगत होते, आई...”

“सांगलंस. आणि पोरीक घेवन गेलंस.” आवाज मुळीच चढला नव्हता. “माका हाताक धरून वडलंस कित्याक नाय गो?”

सुशीलेने पोरीला इतकं आवळलं, की ती रडू लागली. काळ्या पडलेल्या होडीपाशी उभा राहून हरिश्चंद्र तिच्याकडेच बघत होता. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो आईला खांद्याला धरून घराकडे घेऊन गेला.