बोटीवरची शॉवर कॅप

सदानंद काणे आखातात, रास अल खोरच्या एका कारखान्यात सेफ्टी मॅनेजर. लग्नाच्या वाढदिवसाला भाड्याच्या हाउसबोटीवर पाय ठेवताच त्यांनी बायकोला आणि लेकीला लाइफ जॅकेटं चढवली. बोट कालव्याच्या भिंतीला दोरांनी बांधलेली होती आणि सोमवारपर्यंत तिथून हलणार नव्हती, ही बारीकशी गोष्ट त्यांनी मनावर घेतली नाही.

"अहो, मी गॅसचा सिलिंडर दिसतेय यात," विभावरी म्हणाली.

"भरलेला," सदानंद म्हणाले.

"बाबा! दॅट्स सो मीन," इरा म्हणाली, आणि तिने आईचा फोटो काढला.

बोटवाल्या फहदने छताजवळची पांढरी डबी दाखवली. "भाईसाब, जनरेटर का गॅस अंदर आया तो ये बजेगा. बजे तो सोचना नहीं. बाहर. यल्ला."

"अरे हबीबी, हे माझंच खातं," सदानंद म्हणाले.

जेवणाआधी विभावरीने पर्समधून चांदीचा गणपती, कापूर आणि शॉवर कॅप काढली. अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आरतीच्या धुराने छतावरचा अलार्म ठणाणा करतो आणि खालून वॉचमन धावत येतो. म्हणून काण्यांच्या देवघरात निरांजनाशेजारी शॉवर कॅप असे. ही युक्ती सदानंदांचीच. आताही स्टुलावर चढून त्यांनीच ती पांढऱ्या डबीला घट्ट बसवली. आरती झाली, बासुंदी-पुरी झाली. कॅप तशीच राहिली. घरी तरी ती कुठे लगेच निघायची? आठवलं की निघायची, आणि आठवायचं कधीकधी थेट दिवाळीच्या साफसफाईत.

बाहेर ऊन भाजून काढत होतं. आत खिडक्या बंद, एसी फुल. एसीसाठी मागे जनरेटर घरघरत होता आणि त्याचा धूर कालव्याच्या भिंतीवर आपटून फटीफटींतून परत बोटीत शिरत होता. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. सदानंद हे कामगारांना दरवर्षी सांगत, स्लाइड दाखवून.

"मम्मा, माय हेड हर्ट्स."

"सारखा मोबाईल! दुसरं काय होणार?" विभावरी जॅकेट उशाला घेऊन आडवी झाली होती. "माझंही दुखतंय. बासुंदी जड झाली बहुतेक."

सदानंद घोरत होते. इरा रागारागाने डेकवर निघाली.

"दार लाव गं, एसी जातोय," मागून आई म्हणाली.

इराने दार लावलं.

तहान लागली तेव्हा ती परत आत गेली. आईला हलवलं, बाबांना हलवलं, मग किंचाळत सुटली. फहदने दोघांना ओढून बाहेर काढलं. सदानंद हॉस्पिटलात शुद्धीवर आले. विभावरी आली नाही. लाइफ जॅकेटाला पाण्याचा थेंबही लागला नव्हता.

तेराव्याला अल मजाजच्या घरी माणसं जमली. गुरुजींनी धूप पेटवला, तसे शेजारचे राजाभाऊ सवयीने देवघरातली दुसरी कॅप घेऊन स्टुलावर चढले.

"राहू दे, काका," इरा म्हणाली.

"अगं, वाजेल ना ते."

"वाजू दे."

लेकीला मराठीत बोलताना ऐकून सदानंदांनी मान वर केली.

अलार्म वाजला. गुरुजी थांबले. सदानंद उठले, त्यांनी एकेक करत सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मग बाहेरचं दार. एसीची सगळी हवा निघून गेली.