दोनशे चौदा बोल्ट

आधीच सांगते, चूक माझी होती. पण मला कुणी काही सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

माझा नवरा देवदत्त इथे जर्मनीत, नेकारसुल्मच्या कार कारखान्यात सॉफ्टवेअर लिहितो. तीन वर्षांपूर्वी त्याने इंग्लंडहून गाडी मागवली. गाडी कसली, अकरा खोकी. सांगाडा वेगळा, चाकं वेगळी, इंजिन वेगळं, आणि सगळं घरी जोडायचं. वर दोनच सीट आणि छप्पर नाही. जिथे बघावं तेव्हा आभाळ गळत असतं तिथे बिनछपराची गाडी, पण बोलायची सोय नाही. तीन हिवाळे आमची चांगली गाडी बर्फात उभी आणि गॅरेजमध्ये हा सांगाडा. शनिवारी चहा पिऊन आत शिरला की जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर येत नसे.

हा खटाटोप कशासाठी, ते मला पक्कं ठाऊक होतं. माझे सासरे पद्माकर, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं टूलरूममध्ये होते. आधी फिटर, मग फोरमन. ज्या कामात हाताला ग्रीस लागत नाही ते काम नव्हे, असं त्यांचं मत. मुलगा इंजिनिअर झाला, जर्मनीला आला, तरी पाहुण्यांना सांगणार, "आमचा देवदत्त कीबोर्ड बडवतो." फोनवर विचारणार, "काय, उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय ना?" देवदत्त हसायचा. मला मात्र राग यायचा. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला बापाकडून एकदा 'शाबास' ऐकायचं होतं, आणि त्यासाठी त्याने अख्खी गाडी बांधायला घेतली होती.

सप्टेंबरात बाबा आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सुटे भाग आणून जोडलेत. मुलांच्या खेळण्यात असतं तसं." देवदत्त "हो बाबा" म्हणून आत निघून गेला.

दसरा शनिवारी होता. सोमवारी सकाळी ट्यूफची, म्हणजे इथल्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची तपासणी, कारण घरी जोडलेली गाडी त्यांनी पास केल्याशिवाय पुढे काही होत नाही. तिथपर्यंत न्यायला पाच दिवसांची तात्पुरती नंबरप्लेट आणलेली. बुधवारी बाबांचं विमान. सोमवार हुकला तर पुढची तारीख थेट नोव्हेंबरअखेर, म्हणजे बाबा त्या गाडीत बसणार नाहीत. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते पुन्हा एवढा प्रवास करतील याचा काही भरवसा नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी बापलेक फुलं आणायला शेजारच्या हाइलब्रोनला निघाले. जाताना बाबा म्हणाले, "वैभवी, हत्यारांची पूजा मांडून ठेव हो. आमच्याकडे दसऱ्याला आधी सगळं लख्ख पुसायचे, मग हळदकुंकू."

मी म्हटलं, आता दाखवतेच. पाने पुसले, पक्कड पुसली, मग गाडीकडे वळले. बघते तर बोल्टांवर जागोजागी पिवळ्या रंगाच्या रेघोट्या. एवढी नवी गाडी आणि देवदत्तने रंग सांडून ठेवलाय. मी थिनर घेतलं, जुना टॉवेल घेतला आणि वाकून, आडवी होऊन एकेक बोल्ट घासला. दोन तास. नंतर प्रत्येकाला हळदीचं बोट आणि वर कुंकू. एकालाही उपाशी ठेवलं नाही.

देवदत्त शेवंतीची कुंडी घेऊन आला आणि गाडीपाशी उकिडवा बसला.

"मागच्या डाव्या बाजूचे काही बोल्ट मी अजून आवळले नव्हते," तो म्हणाला. "त्यांना पिवळं कुणी केलं?"

"हळद आहे ती."

"आणि माझ्या रेघा?"

"कसल्या रेघा?"

तेव्हा कळलं. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळून झाला की तो त्यावर पिवळी रेघ मारत होता. रेघ असली की झालं, नसली की राहिलंय. वही नाही, यादी नाही. तीन वर्षांच्या कामाची खूण तेवढीच, आणि ती मी थिनरने पुसून वर हळद लावली होती. करायला गेले काय आणि झालं काय. मला रडूच फुटलं.

"असू दे गं," तो म्हणाला. "पण तपासणी रद्द करावी लागेल. आणखी कुठला राहिलाय ते आता सांगता येत नाही. अशी गाडी मी रस्त्यावर नाही आणणार."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "किती बोल्ट आहेत?"

"दोनशे चौदा."

"उद्या सकाळी बसू."

"उद्या रविवार, बाबा. इथे रूहेटाग असतो, आवाज चालत नाही."

"पान्याचा कसला आलाय आवाज?" म्हणत बाबांनी बाह्या सारल्या. "तू फक्त आकडा सांगायचा, पाना मी लावणार. ज्याने आवळलं त्यानेच तपासायचं नसतं."

रविवारी माझी योगाची चटई गाडीखाली अंथरली आणि बाबा तिच्यावर आडवे झाले. देवदत्त पुस्तकातून आकडा वाचून पान्यावर लावून द्यायचा. बोल्ट हवा तेवढा घट्ट असला की पाना जागच्या जागी टक् करतो, सैल असला तर आधी फिरतो. सकाळभर नुसतं टक्, टक्. मी दर तासाला चहा नेत होते आणि कुणाकडे बघत नव्हते. संध्याकाळी हिशोब लागला. पाना फिरला तो सहाच बोल्टांवर, आणि ते सहाही मागच्या डाव्या बाजूचे, आवळायचे राहिलेले. बाकी दोनशे आठ जागचे हलले नाहीत. बाबा उठले, हात धुतले आणि वरणभात जेवून झोपले. देवदत्त आपला ताटाकडे बघत बसला.

सोमवारी ते दोघं त्या गाडीतून पुढे आणि मी आमच्या गाडीतून मागे. तपासनीस टॉर्च घेऊन खाली शिरला, देवदत्त त्याच्यापाशी. मी आणि बाबा बाहेर बाकावर.

"एवढं काय बघतोय तो?" बाबा म्हणाले. "मी बघितलंय सगळं. काम चांगलं आहे पोराचं."

माझं डोकंच फिरलं. "अहो बाबा, हे मला काय सांगताय? त्याला सांगा ना."

"तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात."

"पंचेचाळीस वर्षांचा आहे तो. आता काय बिघडायचा राहिलाय?"

सासऱ्यांशी मी अशी कधी बोलले नव्हते. बाबा चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं, झालं, आता बुधवारपर्यंत अबोला.

पाऊण तासाने देवदत्त कागद हलवत आला. पास. बाबांनी कागद उलटसुलट पाहिला. जर्मन त्यांना ओ की ठो कळत नाही. म्हणाले, "डावा आरसा थरथरतोय, बघून घे." मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्यांनी घसा खाकरला.

"देवदत्त."

"काय बाबा?"

"तू माझ्या टूलरूममध्ये असतास ना, तर तुझं काम मी तपासायला गेलो नसतो."

एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले आणि पट्टा लावायला लागले. देवदत्त चावी घेऊन तसाच उभा. मीच त्याला ढकललं.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या मागेच होते. दोन सिग्नलला त्याची गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले. गाडीत काही बिघाड नव्हता. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि बाबा शेजारी बसून हातरुमाल पुढे करत होते.