सात वीसची पॅसेंजर

“हे दोन्ही कागद समोर घे अन् एकावर बोट ठेव,” मधुकरराव म्हणाले. “महिना झाला, तू नुसता पाहूनच राह्यला.”

मधुकरराव आमच्या सिंदीच्या खरेदी-विक्री संघाचे व्यवस्थापक. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेवर मला बसायचं तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा पास पाहिजे, असा संघाचा नियम होता. मी दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा बाकीचे पेपर निघाले आणि ऑडिटचा राहिला. हे एकोणऐंशी साल. परीक्षा मे महिन्यात होती आणि मार्च संपत आला होता.

एक कागद नागपूरच्या क्लासचा होता. चाळीस दिवसांचा जलद अभ्यासक्रम, छापील नोट्स, मागच्या वर्षी शंभरातले साठ पास. दुसरा कागद म्हणजे एक पोस्टकार्ड. वर्ध्याचे नानाजी, निवृत्त लेखापरीक्षक, स्टेशनमागे आपल्या घरी शिकवायचे. त्यांनी फक्त वेळ आणि पत्ता लिहिला होता.

मी पोस्टकार्डावर बोट ठेवलं.

“काऊन?” मधुकररावांनी चष्मा काढला. “नानाजीकडे काय आहे? एक पंखा, तोही त्यायच्याच डोक्यावर. निकाल किती लागला तेही लिहेल नाई.”

“नागपूरले गर्दी असते जी.”

“गर्दी तं परीक्षेलेबी असते. तिथंबी नाई जाशीन काय?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “रूपराव, तू नाई पास झाला तं या खुर्चीवर बाहेरचा माणूस येईन. मंग त्याले सायेब सायेब म्हणत राहजो.”

मला ते सगळं कळत होतं. तरी बोट पोस्टकार्डावरच राहिलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

जयवंता, माझी बायको, कार्तिकात गेली. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती चौथी शिकलेली. मी पाठ म्हणायचो तेव्हा ती पुस्तक हातात धरून बसायची. तिला त्यातलं काही समजत नसे, पण मी एखादा शब्द गाळला की तिचं बोट तिथंच थांबायचं. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती. तिनं ती खाली काढली. म्हणाली, “दोनदाच तं झाले. तिसऱ्यांदा पेपर तपासनाराच कंटाळून पास करीन.” फॉर्मही तिनंच भरायला लावला. तो पोस्टात पडला त्याच आठवड्यात ती आजारी पडली.

क्लास साडेपाचला सुरू व्हायचा. कापसाचा हंगाम संपला होता, त्यामुळे मला चारला निघता येई. नानाजींच्या पुढच्या खोलीत आम्ही सात जण सतरंजीवर बसायचो. पंखा खरोखरच नानाजींच्या डोक्यावर होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना विचारलं, “गाडी कितीची?”

“सात वीसची पॅसेंजर,” मी म्हणालो.

“मी आठपर्यंत ताणतो. नंतरची गाडी नऊ चाळीसला. घरी कोणी खोळंबतं का?”

“हो,” मी म्हणालो.

तोंडातून गेलं. विचार करून बोललो असं नाही. संघात लागायच्या आधी नऊ वर्षं मी वर्ध्यात एका अडत्याकडे नोकरीला होतो आणि रोज याच गाडीनं घरी यायचो. तेव्हाही कोणी थांब म्हटलं की हेच म्हणायचो.

“मग तुम्ही सातला उठत जा,” नानाजी म्हणाले. “घरच्या माणसाला उपाशी ठेवून ऑडिट शिकू नये.”

बाकीचे हसले. मीही हसलो.

त्या संध्याकाळी गाडी सिंदीच्या सिग्नलजवळ आली आणि तिनं शिटी दिली, तेव्हा मी पोस्टकार्डावर बोट का ठेवलं ते मला कळलं. ही शिटी ऐकली की जयवंता तांदूळ शिजत टाकायची. स्टेशनपासून घर बारा-पंधरा मिनिटांवर. मी पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात उतरलेला असे. नागपूरच्या क्लासहून मी या गाडीनं आलो नसतो. एवढ्यासाठी मी तो साठ टक्क्यांचा कागद बाजूला सारला होता. घरी गेलो, कुलूप काढलं, सकाळची भाकर खाल्ली.

नानाजींच्या क्लासची खरी गंमत सातनंतर होती, हे मला हळूहळू समजलं. सातपर्यंत ते कायदा आणि नियम सांगायचे. सातनंतर डोक्यावर टोपी घालायचे आणि एखाद्या संस्थेचे लबाड सचिव व्हायचे. विद्यार्थ्यांनी लेखापरीक्षक होऊन त्यांना प्रश्न विचारायचे. ते धडाधड खोटं बोलायचे आणि ते पकडायचं, असा खेळ. दुसऱ्या दिवशी मुलं त्याबद्दल बोलायची. “काल नानाजी म्हणाले, पुस्तक म्हशीनं खाल्लं साहेब,” असं काहीबाही. ऑडिटच्या पेपरात मला नेमकं तेच येत नव्हतं. कलमं पाठ होती, पण समोरचा कागद काय लपवतो ते दिसायचं नाही. आणि नेमक्या त्याच वेळेला मी वही मिटून उठत होतो.

खरं सांगावं असं रोज वाटायचं. पण एकदा हो म्हटल्यावर कसं सांगणार? माझी बायको मेली आहे, मी खोटं बोललो, असं सात जणांसमोर? रोज सात वाजता नानाजी स्वतःच म्हणायचे, “चला रूपराव, तुमची वेळ झाली.” मी उठायचो. तीस वर्षं लोकांचं खोटं पकडलेल्या माणसाला माझं एवढं खोटं पकडता आलं नाही.

असे पंधरा-सोळा दिवस गेले. मग एका शनिवारी त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आतल्या खोलीत बायकांचा आवाज होता. मी सातला उठून ओट्यावर चप्पल घालत होतो, तेवढ्यात नानाजींच्या पत्नी आनंदाबाई मागून आल्या.

“थांबा भाऊ. तुमच्या घरची लक्ष्मी सिंदीहून इथवर कशाला येते? तुम्हीच घेऊन जा.”

त्यांनी माझ्या हातात पुडकं दिलं. रुमालात बांधलेले भिजवलेले हरभरे, एक खण, कुंकवाची पुडी आणि वाटीभर आंब्याची डाळ.

“नाव काय त्यांचं?”

“जयवंता.”

“छान नाव आहे. म्हणावं, परीक्षा झाली की एकदा येऊन जा. वाटी तेव्हाच आणा.”

गाडीत ते पुडकं मांडीवर होतं. हरभऱ्याच्या पाण्यानं धोतर ओलं झालं. सिग्नलला शिटी झाली. घरी येऊन मी डाळ भाकरीशी खाल्ली. तिच्या हातच्या डाळीत मिरची जास्त असायची. खण आणि पुडी तिच्या पेटीवर ठेवली. हरभरे रुमालातच चुलीजवळ राहिले. त्यांचं काय करायचं ते मला सुचेना. रविवारी क्लास नव्हता. दिवसभर घरात होतो, पण मी त्या बाजूला पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी रुमाल सोडला तर हरभऱ्यांना मोड आले होते.

त्या दिवशी मी संघातून तीनलाच निघालो. खण, पुडी आणि घासलेली वाटी पिशवीत घेतली. वर्ध्याला पोचलो तेव्हा बाकी कोणी आलं नव्हतं. आनंदाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. आतल्या खोलीतून नानाजींच्या खोकल्याचा आवाज येत होता.

“काकू, हे परत आणलं,” मी म्हणालो. “घरी कोणी नाई. ती कार्तिकात गेली. मी त्या दिवशी उगाच हो म्हटलं.”

त्यांचे हात सुपात थांबले.

“कुंकवानं गेली ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग हे तिचंच आहे. सवाष्णीला दिलेलं परत घ्यायचं नसतं.” त्यांनी खण आणि पुडी माझ्या पिशवीत परत घातली. वाटी तेवढी ठेवून घेतली. “हरभऱ्याचं काय केलं?”

“मोड आले त्याले.”

“मग उसळ करा. कांदा चिरता येतो का?”

“येते.”

“बारीक चिरा. जाड ठेवला की कच्चा राहतो.” आणि त्या पुन्हा गहू निवडू लागल्या.

नानाजी आत सगळं ऐकत असणार. पण क्लासमध्ये त्यांनी नेहमीसारखे नियम सांगितले. सात वाजले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी “तुमची वेळ झाली” म्हणाले नाहीत. टोपी घातली आणि एक जुना, कोपरे फाटलेला कागद सतरंजीवर ठेवला. कुठल्याशा संस्थेच्या वार्षिक सभेची हजेरी आणि शेजारी सभासदांची यादी. दरवर्षी मुलांना देऊन देऊन पिवळा पडलेला.

“मी सचिव,” ते म्हणाले. “आज साहेब कोण? रूपराव, तुम्ही या.”

मी पुढे सरकलो. हे मी कधी केलं नव्हतं.

“सभा झाली काय?” मी विचारलं.

“झाली साहेब. जोरात झाली. चहासुद्धा झाला.”

“गणपूर्ती होती?”

“होती की. वीस पाहिजेत, वीस हजर. मोजून घ्या.”

मी मोजले. वीस होते. सह्या, अंगठे सगळे ठीक. मग सभासदांच्या यादीवरून बोट फिरवत गेलो. एक एक नाव, एकही शब्द न गाळता. चौदाव्या नावावर बोट थांबलं. समोर वारसाची नोंद होती, सभेच्या आठ महिने आधीची. हजेरीत त्याच नावापुढे अंगठा होता.

“हा माणूस सभेच्या आधीच वारला आहे,” मी म्हणालो.

मागून कोणीतरी “अरे बापरे” म्हणालं. नानाजी टोपीखालून माझ्याकडे पाहत राहिले.

“खरं आहे साहेब,” ते सावकाश म्हणाले. “दरवर्षी यायचा बिचारा. सवयीनं नाव लिहिलं गेलं.”

“तं त्याले हजर धरता येत नाई.”

“नाही येत,” नानाजी म्हणाले. त्यांनी टोपी काढली. “आता हा आक्षेप वहीत लिहा. नीट, पेपरात लिहाल तसा.”

मी दोन ओळी लिहिल्या असतील. तेवढ्यात स्टेशनवर सात वीसच्या पॅसेंजरनं शिटी दिली. माझ्या डाव्या हातानं पेनाचं टोपण उचललं आणि बसवलं. मला कळलं तेव्हा ते बसलेलं होतं.

गाडी सुटल्याचा आवाज आला. पुलापर्यंत तो ऐकू येत होता. मग मी टोपण काढलं आणि तिसरी ओळ लिहायला घेतली.