पाण्याचं विरजण

सतरा ऑगस्टच्या, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या, सोडतीत ध्वनिक्षेपकावरून "एकशे चौदा!" असा पुकारा झाला आणि आरुम "मीच! मीच ती!" म्हणून अशी किंचाळली, की गल्लीप्रमुख पाक हार्जोंच्या हातातलं सरबत त्यांच्याच नव्याकोऱ्या बाटिक सदऱ्यावर सांडलं. गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी वर्गात हजेरीला नुसती मान हलवायची. यंदा नववीत गेली आणि कसं कोण जाणे, घशाचं बूच उडालं. बक्षिसाचा कोरा करकरीत फिशटँक पोटाशी धरून तिने माइकसुद्धा ताब्यात घेतला.

"पुढच्या महिन्यात माझे मासे बघायला यायचं! सगळ्यांनी!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. तिच्या आईने, म्हणजे इबूने, मात्र काचेवर बोटाने टकटक केलं. "जाड आहे हं काच. दुकानात क्रुपुक ठेवायला झकास."

इबूचं घराच्या पुढच्या खोलीत छोटंसं दुकान होतं आणि क्रुपुकचा, म्हणजे तळलेल्या पापडांचा, तिथला पत्र्याचा डबा गंजून चालला होता.

"इबू! क्रुपुक पोहतात का?"

"नाहीत. पण मरतही नाहीत."

काय तोंड म्हणायचं हे! आरुमने दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या मासेवाल्याकडून प्लास्टिकच्या पिशवीतला एक लाल गोल्डफिश आणला. त्याचं नाव जनरल. जनरलने पाच दिवस राज्य केलं. शुक्रवारी इबूने टँक घासला आणि शनिवारी सकाळी जनरल पोट वर करून तरंगत होता.

आता इबूने टँक का घासला, तर इबू शुक्रवारी सगळंच घासायची. गल्लीत डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधायचं काम तिच्याकडे होतं. निळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. दर शुक्रवारी ती घराघरांत शिरून न्हाणीतल्या हौदात, कुंडीखालच्या बशीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये उजेड पाडायची आणि अळी दिसली की घरच्या बाईची अशी हजेरी घ्यायची, की तीन घरं पलीकडे ऐकू जावी. हौद आठवड्यातून एकदा रिकामा करायचा, खसाखसा घासायचा, ताजं पाणी भरायचं, हा तिचा कायदा. मग स्वतःच्या घरातलं पाणी सुटतंय होय? आरुमलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट दोघींनी मिळून घासलं. खडे उकळून काढले, काच साबणाने चकचकीत केली, नळाचं नवं पाणी ओतलं. पाण्याला तरणतलावासारखा वास येत होता. आरुमला तो स्वच्छतेचा वास वाटला.

जनरलनंतर दोघी पांढऱ्या बहिणी आल्या. त्या गेल्या पुढच्या शुक्रवारनंतर. मग एक काळा, फुगीर डोळ्यांचा आला. तो शुक्रवारनंतर वर येऊन येऊन तोंडाने हवा गिळत राहिला आणि रविवारी आटोपला. बिलिंबीच्या झाडाखाली चार थडगी झाली. गल्लीतली पोरंटोरं तिला "मयत खातं" म्हणायला लागली. पाक हार्जो तर सायकल थांबवून विचारायचे, "काय आरुम, दर्शनाला कधी यायचं? का थेट तेराव्याला?"

आरुम हसायची, उलट उत्तरही द्यायची. पण मासेवाल्याला पिशवीकडे बोट दाखवताना आता तिचा हात मागे येऊ लागला होता.

"बास झालं," चौथ्या थडग्यावर माती लोटताना इबू म्हणाली. "जीव मारायचा कसला गं छंद? महिनाअखेरच्या शुक्रवारी आरोग्य केंद्रातल्या बाई, बू एन्दांग, माझ्यासोबत तपासणीला येणार आहेत. तोवर तुझ्या टँकात मासा जगला तर जगला. नाहीतर क्रुपुक."

एवढ्यावर विषय संपला. इबूच्या कायद्यात अपील नसतं.

त्या संध्याकाळी आरुमला टेम्पे आणायला बुधे कार्नीकडे पिटाळलं गेलं. बुधे म्हणजे मोठी मावशी; कार्नी इबूची थोरली बहीण. मागच्याच गल्लीत राहायची, घरी टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, लावायची आणि आख्ख्या वस्तीत इबूला न घाबरणारी ती एकटीच. तिच्या न्हाणीतला हौद चार वर्षांत घासलेला नव्हता. कडेला हिरवं मखमली शेवाळ. आत एक बोटभर लांबीचा, मातकट, कुरूप मासा. त्याचं नाव तिने ठेवलं होतं इन्स्पेक्टर, केवळ धाकट्या बहिणीचं डोकं फिरावं म्हणून. दर शुक्रवारी इबू टॉर्च मारायची, अळी एकही सापडायची नाही, आणि ती दात आवळून तपासणीच्या कार्डावर शून्य लिहायची.

आरुम हौदाच्या काठावर बसली. इन्स्पेक्टर मजेत फिरत होता. ना खाणं, ना पंप, ना उकळलेले खडे.

"बुधे, हा मरत कसा नाही गं?"

"मरायला फुरसत कुठाय त्याला? डास खातोय, शेवाळ खातोय." बुधे केळीच्या पानात सोयाबीन बांधत होती. "तुझे का मरतात?"

"काय माहीत! आम्ही तर दर शुक्रवारी सगळं लख्ख करतो."

बुधेचे हात थांबले. मग ती अशी हसत सुटली की केळीचं पान सुटून दाणे मांडीवर सांडले. "अगं माझे बाई! मी टेम्पेची परडी दर वेळी साबणाने उकळून काढली आणि सोयाबीनला विरजणच लावलं नाही, तर काय होईल?"

"नासेल."

"मग? पाण्यालाही विरजण लागतं. डोळ्यांना न दिसणारं काहीबाही दगडांवर धरतं, ते माशाची घाण खातं. तुम्ही दर शुक्रवारी ते धुऊन टाकता आणि वर मासा सोडता. नासणारच की! हे तुझ्या आईला, त्या सुमीला, सांगितलं तर टॉर्च फेकून मारेल मला."

परतताना आरुमच्या एका हातात टेम्पे होतं, दुसऱ्या हातात हौदाच्या पाण्याची बादली, आणि बादलीत शेवाळलेला एक दगड. बुधेने बजावलं होतं, नळाचं पाणी आधी दोन दिवस उघडं ठेव, औषधाचा वास उडू दे, मग टँकात ओत. आणि दोन आठवडे मासा नाही. चिमूटभर खाणं मात्र रोज टाकायचं, रिकाम्या टँकात.

"कुणासाठी खाणं टाकतेस?" शेजारच्या बायका दुकानात डोकावून विचारायच्या.

"विरजणासाठी!"

बायका एकमेकींकडे बघायच्या. इबूला तिने काकुळतीने सांगितलं, "घासू नको. फक्त या वेळी." इबूने टँकातल्या हिरवट दगडाकडे असं पाहिलं, जसं कुणी जेवणाच्या ताटात चप्पल ठेवावी. "मासा नसलेलं साठवलेलं पाणी, तेही माझ्या घरात? झाकण घाल त्यावर. आणि एक जरी अळी दिसली ना..."

आरुमने जुना पडदा घातला. पण पोरीला धीर कुठला! रोज संध्याकाळी पडदा उचलून ती अर्धा अर्धा तास काचेला नाक लावून बसायची. अदृश्य विरजण तिला तेवढ्याने दिसलं नाही. डासांना मात्र वाट दिसली.

महिनाअखेरचा शुक्रवार उजाडला. मासा दुपारी शाळेतून येताना आणायचा, असं आरुमने ठरवलं होतं. तपासणी एरवी त्यानंतरच असायची. पण बू एन्दांग सकाळी सातलाच हजर झाल्या. गणवेशाची बटणं लावत आरुम बाहेर आली तेव्हा त्या म्हणत होत्या, "सुरुवात तुमच्याच घरापासून करू या, बू सुमी. आदर्श घर!" ओसरीत पाक हार्जो आणि चार बायका उभ्या होत्या.

न्हाणी, शून्य. कुंड्या, शून्य. इबूची मान इंचाइंचाने उंच होत गेली. मग बू एन्दांगनी पडदा उचलला आणि इबूच्या टॉर्चचा उजेड पाण्यात पडला.

अळ्या होत्या. वळवळत, नाचत, बेशरमपणे. इबूने मोजल्या नाहीत, पण तिचं तोंड बघून सगळ्यांना आकडा कळला.

"बू सुमींच्याच घरी!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

इबूने कोपऱ्यातला घासायचा ब्रश उचलला. ती ओरडली असती तर आरुमने उलट उत्तर दिलं असतं. पण इबूचे कान लाल झाले होते, आणि हे आरुमने कधीच पाहिलं नव्हतं.

"इबू, पाच मिनिटं! आईशप्पथ, पाचच! बू एन्दांग, तोवर कृपा करून कार्डावर काही लिहू नका!" म्हणत ती मोजे न घालता पळाली.

पाचाची सात मिनिटं झाली. परतली तेव्हा तिच्या मागून बुधे कार्नी धापा टाकत येत होती आणि आरुमच्या हातातल्या तांब्यात इन्स्पेक्टर होता.

"कार्नी, तू यात पडू नकोस," इबू म्हणाली.

"मी कुठे पडतेय? तो पडतोय."

आरुमने तांब्या हळूच तिरपा केला. इन्स्पेक्टर टँकात उतरला, एक फेरी मारली, शेवाळलेला दगड ओळखीचा निघाला बहुधा, आणि मग त्याने एक अळी मटकावली. दुसरी. तिसरी. ओसरी काचेवर ओणवी झाली. "ती बघ, ती कोपऱ्यातली!" पाक हार्जो ओरडले. "अरे, डावीकडे! डावीकडे, गाढवा!" शेवटची अळी गेली तेव्हा गल्लीने सतरा ऑगस्टपेक्षा मोठ्या टाळ्या वाजवल्या.

बू एन्दांगनी चष्मा पुसला. "अळ्या खाणारा मासा पाळणं आपल्या नियमातच आहे, बू सुमी. पण पडद्यात डास शिरले, ही चूक आहे. लिहा, शून्य. आणि खाली शेरा लिहा, झाकण सुधारणे."

इबूने लिहिलं.

"मासा उसना आहे हं," बुधे जाताना म्हणाली. "आठ दिवस टिकला तर तुझा. मेला तर मला माझा इन्स्पेक्टर भरून द्यायचा."

ते आठ दिवस आरुमने कसे काढले ते तिचं तिला माहीत. शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट टँकापाशी. इन्स्पेक्टर वर येऊन हवा गिळत नव्हता. दगडामागे लपायचा, तिला पाहून बाहेर यायचा, आणि रागावल्यासारखा तोंड उघडून बंद करायचा.

पुढच्या शुक्रवारी दुपारी इबू सवयीने ब्रश घेऊन टँकासमोर उभी राहिली. आरुम दारातून बघत होती. इबूने ब्रश खाली ठेवला, ओढणीच्या टोकाने काच फक्त बाहेरून पुसली आणि जाकीट चढवून तपासणीला निघून गेली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्या हातात झाकण घट्ट लावलेली छोटी बाटली होती. आत काहीतरी वळवळत होतं.

"पाक हार्जोंच्या कुंडीत सापडल्या," ती जाकीट काढत म्हणाली. "चांगला खरपूस समाचार घेतला त्यांचा. जप्तीचा माल आहे. टाक त्याला." मग दुकानात जाता जाता थांबली. "आणि हे बघ, उद्या बाजारातून क्रुपुकसाठी नवा डबा आण. झाकणाचा."