मल्हारचा डावा पाय

गिअरबॉक्स छातीवर घेऊन उताणं पडायचं वय न्हाई राहिलं माझं. गुडघं बोंबलत्यात, कंबर तर कवाच रजेवर गेलीय. आन् त्यात ह्या मल्हारची जीप! दिवाळीच्या आधी क्लच प्लेट टाकली, ती संक्रांतीला जळून कोळसा. म्हणलं, "आरं, गाडी चालवतोस का भट्टी लावतोस?"

मल्हार वरवंड ते दौंड शिटं भरून वडाप करायचा. जीप त्याच्या थोरल्या भावाची, म्हस्कूआबाची. आबानं मेंढरं इकून ती जुनी गाडी घेतलेली, म्हणून तिच्यावर त्याचा जीव. मल्हार नुसता चालवायचा.

"चढाला ओढतच न्हाई बघा दादा," मल्हार म्हणला. "इंजिन बोंबलतंय आन् गाडी हाय तिथंच."

मी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आन् क्लच सोडला. इंजिन गपकन बंद पडाया पायजे. हे बेणं आपलं गुरगुरतंच. म्हंजी प्लेट गेली, त्यात वादच न्हाई. खोलली. प्लेट काळीठिक्कर, पर तेलाचा थेंब कुठं न्हाई, पेडलला ढिलाई बरोबर, समदं जिथल्या तिथं. मग जळती कशी? नवी टाकली आन् रिकामी गाडी पाटसपातूर पळवून आणली. कुठं कुरकुर न्हाई.

रिकाम्या गाडीनं काय कळायचंय, डोंबल! वडापची गाडी रिकामी असती कवा? दुसऱ्या दिशी सकाळी मी बी शीट म्हणून चढलो, आन् गिअरच्या दांड्याशी अंग चोरून बसलो.

आमच्याकडं काही काही जीपमधी डायव्हरच्या उजव्या अंगाला, दारापाशी, आणखी एक शीट कोंबत्यात. डायव्हर निम्मा आत सरकतो आन् तिरपा बसून गाडी हाणतो. मल्हार हाय अंगानं थोराड, त्याच्याशेजारी पैशाचं शीट मावायचंच न्हाई. पर त्या सकाळी तिथं त्याची पोरगी बसली, हर्षदा. काडीएवढं अंग, मांडीवर नर्सिंगचं पुस्तक. ती बसली तसा मल्हार आत सरकला, आन् त्याच्या डाव्या पायाला टेकायला जागाच उरली न्हाई. त्यो पाय जाऊन बसला क्लचच्या पेडलवर. पाटस आलं, दौंडचा फाटा वळला, चढ गेला, उतार गेला, पर पाय काय तिथून हलंना.

तवा डोक्यात उजेड पडला. पाय नुसता टेकला तरी प्लेट पुरती धरत न्हाई, घासत ऱ्हाती आन् जळती. माझं टाळकंच सटकलं. दौंडात पोरगी उतरून कॉलेजला गेली तसा मी खेकसलो, "गाढवा, पाय पेडलवर ठेवून चालवतोस आन् वर मलाच इचारतोस, प्लेट का जळती?"

"मला ठावं हाय, दादा."

"ठावं हाय?"

"मग पाय ठेवू कुठं? गळ्यात अडकवू?" त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. लई दमल्यावानी दिसला. "सकाळच्या टायमाला हायवेच्या एसट्या हात केला तरी थांबत न्हाईत. आबा म्हणला, पोरीला शिकव, माझी ना न्हाई, पर पैशाचं शीट अडवायचं न्हाई. मागं बाप्ये लटकत्यात, तिथं पोरीला कसं लटकवू? म्हणून माझ्याच जागेतली निम्मी दिली तिला. प्लेट तिच्यापायी जळती असं आबाला कळलं, तर पोरगी घरी बसंल. परीक्षा उन्हाळ्यात हाय. घरी बसली की लगीनच समजा."

परतीच्या वाटेला मी त्याच्या पायाकडंच बघत बसलो. काय करणार, कप्पाळ? पायाला जागा माझ्या पान्यानं थोडीच व्हणार हाय!

सांजच्याला म्हस्कूआबा गॅरेजला आला. माणूस वाईट न्हाई. सरळ इचारतो आन् सरळ उत्तर मागतो. "ज्ञानू, खरं सांग. गाडीत खोट हाय का मल्हारच्या चालवण्यात?"

मल्हार बॉनेटवर हात टेकून उभा, नजर मातीत.

उभ्या वरवंडात माझ्या हाताला नाव व्हतं. तेवढीच माझी कमाई. खरं बोललो असतो तर ती शाबूत राहत व्हती. मी म्हणलं, "आबा, गाडीत खोट न्हाई आन् मल्हारमधीबी न्हाई. मीच हलकी प्लेट टाकली. चुकलं माझं."

आबा माझ्याकडं बघतच राहिला. "तुझ्यावर इश्वास टाकला व्हता रं," एवढंच म्हणला आन् चालाय लागला. शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मल्हार काय तरी बोलाया आला. मी हात जोडले. "आता नगं बोलू. नवी प्लेट चांगली हाय. चढाला तरी पाय उचलत जा, जमंल तेवढा. परीक्षेपातूर ही प्लेट मरू दिऊ नगंस."

आठवड्याभरात गॅरेजपुढं कुत्रं फिरकंना झालं. आबानं गावभर सांगितलं, आन् त्याचं काय चुकलं? एका सकाळी मी स्टँडवर चहा पीत बसलो व्हतो. मल्हारची जीप भरत व्हती. आबा दौंडच्या बाजाराला निघालेला, पुढच्या शिटावर बसला व्हता. दुसऱ्या गाडीचा तात्याबा मल्हारला म्हणला, "माझाबी क्लच धरंना झालाय. ज्ञानूकडं टाकू का?"

मल्हारनं मला बघितलं. मग आबाकडं बघितलं. आन् मोठ्यांदा म्हणला, "नगं बाबा! हलका माल टाकतो त्यो. आमची गाडी जाळली त्यानं."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तो दुसरं बोलणार तरी काय, हे कळत व्हतं, तरी उठून त्याच्या कानाखाली जाळ काढावा वाटला. तेवढ्यात जीपमधी दारापाशी बसलेल्या हर्षदानं मांडीवरचं पुस्तक मिटलं. तिचं तोंड रडवेलं झालेलं. पोरीला समदं ठावं व्हतं. ती आबाकडं वळली आन् म्हणली, "आबा, ज्ञानूकाकांनी काय..."

मी तिला पुढं बोलूच दिलं न्हाई. ताडकन उठलो आन् समद्या स्टँडला ऐकू जाईल असं वरडलो, "व्हय तात्याबा, खरं बोलतोय त्यो. गाडी माझ्याकडं आणू नगंस, दौंडला दाखव."