लवंग आणि एका ओळीची खिडकी

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. वीतभर लांब, चार बोटे रुंद, आणि मधोमध एका ओळीएवढी फट. कूळ मात्र माझे मोठे. एक्क्याण्णव सालानंतर परदेशी कंपन्यांचे रंगीत टीव्ही घरोघर येऊ लागले, तेव्हा मलकपेठेतल्या एका घरी आलेल्या खोक्याचा मी तुकडा. 'ही बाजू वर' सांगणारा बाण माझ्या पाठीवर अजून आहे.

शेजारच्या इंदुमतीबाईंनी मला कात्रीने कापले. वाचताना अडणाऱ्या मुलांना त्या घरी शिकवत. मला पानावर ठेवले की फटीतून एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकल्या जातात. सगळ्या ओळी एकदम अंगावर येतात, अशा मुलांसाठी मी.

एका उन्हाळ्यात एकनाथराव आपल्या नातीला, प्रियदर्शिनीला घेऊन आले. ते कोर्टातले निवृत्त पेशकार, न्यायाधीशांना कागद वाचून दाखवणारे. तीस वर्षे मुन्सिफांपुढे दरखास्ती वाचल्या, कधी अडखळले नाहीत. आणि नारायणगुड्याच्या शाळेने त्यांना कळवले होते, की मुलीला वाचता येत नाही. जूनमध्ये हेडबाईंसमोर नवा धडा वाचला, तरच चौथीत बसवू.

"शाळेचीच काहीतरी गफलत आहे," एकनाथराव म्हणाले. "घरी पोर रोज घडाघडा वाचते."

तिने वाचलेही घडाघडा. मग बाईंनी मला पानाच्या मधल्या ओळीवर ठेवले. प्रियदर्शिनीने धड्याची पहिली ओळ म्हटली. मला आणखी खाली सरकवले, तिने दुसरी म्हटली. सगळे पान पाठ होते, वाचलेले काहीच नव्हते.

एकनाथरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे पोरीनं आम्हाला फसवलं."

"फसवलं नाही. अख्खं पुस्तक पाठ करून बघा, म्हणजे तिची मेहनत कळेल," बाई म्हणाल्या. "ती अडली की शब्द कोण सांगतं?"

"मीच. तिला थांबूच देत नाही."

"तेवढं सोडा आता."

सांगणे सोपे होते. तीस वर्षांची जीभ ती, गप्प कशी बसणार? शेवटी एकनाथरावांनी लवंगांची डबी जवळ ठेवली. नात अडली आणि शब्द ओठांवर आला, की ते एक लवंग तोंडात टाकत. प्रियदर्शिनीला मी मुळीच आवडलो नाही. "मला नक्को हा पुठ्ठा," म्हणत तिने माझा एक कोपरा चावून ठेवला. मला राग आला, खोटे कशाला बोलू. पण रोज संध्याकाळी ती मला एकेक ओळ खाली सरकवत राहिली.

जूनमध्ये हेडबाईंनी मला पाहून विचारले, "हे कशाला?"

"मी चष्मा लावून दरखास्ती वाचत होतो, बाई," एकनाथराव म्हणाले. "चष्मा काढा असं कोर्टात कुणी म्हटलं नाही."

हेडबाईंनी मान डोलावली. प्रियदर्शिनीने चार ओळी वाचल्या. पाचवीत 'विहिरीजवळ' आले आणि ती थांबली. एकनाथरावांच्या लवंगा व्हरांड्यातच संपल्या होत्या. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. मग त्यांनी रुमालाचे टोक दातांत घट्ट धरले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. शिपायाने तास बदलल्याची घंटा दिली, तरी पोर त्याच शब्दापाशी होती. मग तिने बोटाने एकेक अक्षर धरले, शब्द जुळवला आणि पुढे गेली.

बाहेर आल्यावर तिने विचारले, "आजोबा, तुम्हाला येत होता ना तो शब्द?"

"हौ."

"मग सांगितला का नाही?"

"तुझा होता तो."

ती चौथीत गेली. आज मोठी झाली आहे, आणि अजूनही सावकाशच वाचते. मी तिच्या टेबलाच्या खणात असतो, रिकाम्या पेनांखाली. महिनोन्महिने कुणी पाहत नाही. मला जपा, असे मी म्हणणार नाही. पुठ्ठ्यांना काय तोटा? पण मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी एखाद्या शब्दापाशी अडले, तर एक लवंग तोंडात टाका आणि थांबा.