झुवैनाची खूण

"आत्या, त्या गुडघ्यानं कुठं निघालात? इथूनच टाका ना खूण!" तान्ह्याला खांद्यावर घेऊन सून रय्या दारातून ओरडली.

"इथून टाकली तर नकाशावर आपल्याच घरात पूर येईल," म्हणत झुवैना काठी टेकत उतार उतरू लागली. वर डोंगरात पाऊस धो धो कोसळला होता आणि कालपर्यंत कोरडा असलेला ओढा गढूळ पाण्यानं घुमत होता. शाळा सुटायची वेळ झाली होती. ड्रायव्हर सुलैयमची बस खाली हाच ओढा ओलांडून पोरांना घरी नेणार होती. पाणी तिथं पोचायच्या आत कळवायला हवं होतं, आणि गावचे पुरुष तर सगळे मस्कतला कामावर.

खोऱ्यातल्या गावांचा मोबाइलवर एक सामाईक नकाशा होता. ज्याला जे दिसेल त्याची त्यानं खूण टाकायची, आणि खूण पडायची ती माणूस उभा असेल तिथंच. खुणेखाली बटण दाबून बोललं की आवाज सगळ्यांना ऐकू जायचा. गेल्या हिवाळ्यात झुवैना खालच्या गावी बहिणीकडे होती. ओढ्याला पूर आल्याचा घरून फोन आला आणि हिनं चुलीपाशी बसूनच लाल खूण ठोकून दिली. ठणठणीत कोरड्या रस्त्यावरून एक वऱ्हाड माघारी फिरलं! तेव्हापासून सुलैयम बाजारात दिसला की विचारायचा, "खाला, आज चुलीत पाणी किती?" ती हसण्यावारी न्यायची, पण मनाला लागायचं. तिचा बाप याच काठावरून बंदुकीचा बार काढून खालच्या गावाला सावध करायचा. त्याच्या बाराला कधी कुणी हसलं नव्हतं.

काठावर पोचून तिनं धापा टाकत खूण टाकली. लगेच फोनमधून सुलैयमचा आवाज आला, "खाला, इथं तर कडक ऊन आहे. आज कुणाकडे पाहुणचार?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर आलेली शिवी गिळून तिनं बटण दाबलं आणि फोन पाण्याकडे धरला. दगड गडगडत होते, खजुराचं अख्खं झाड खडकांवर आपटत चाललं होतं.

"ऐकलंस? आता पोरांना घेऊन उतरायची छाती असेल तर उतर!"

देवाचं नाव घेत ती खडकावर बसून राहिली.

बऱ्याच वेळानं आवाज आला. त्यातली मस्ती पार उतरली होती. "खाला, बस अलीकडेच थांबवली. लोंढा आत्ता समोरून गेला, रस्ता दिसेनासा झालाय. पोरं सगळी माझ्याजवळ आहेत. चुकलं माझं. वरून आणखी येतंय का, ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तेव्हाच बस हलेल."

झुवैनाचा ऊर अभिमानानं भरून आला. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.

रय्या खाली आली. "चला आता, भात निवतोय."

"भात इथंच आण," झुवैना म्हणाली. "पाणी उतरल्याचं मग कोण सांगणार?"

तिनं ओढणी नीट केली आणि पाण्याकडे तोंड करून ताठ बसली.